'वॉज' आणि वस्ती, खरंच नातं आहे का?

प्रश्न : माझी मुलगी काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकते. ती म्हणते इंग्लिशचं 'वॉज' (was) आणि आपली 'वस्ती' एकाच घराण्यातले. मला हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान वाटलं. तिच्या वहीत '*वेसनँ' असं चांदणी लावून लिहिलंय, ही कुठली भाषा? (एक वाचक, परळ)

उत्तर : मुलीचं ऐका, बरोबर सांगतेय ती. वेसनँ हे प्रोटो-जर्मॅनिकचं क्रियापद, म्हणजे इंग्लिश, जर्मन, डच, स्वीडिश ह्या सगळ्यांची जी मूळ भाषा तिच्यातलं. ती कोणी लिहून ठेवली नाही, नातवंडांच्या चेहऱ्यावरून आजीचा अंदाज बांधावा तशी ती मागे जात जात जुळवलीय, आणि चांदणी म्हणजे 'हा शब्द कुठे लिहिलेला सापडला नाही, आम्ही जुळवलाय'. (व्हॉट्सॲपवाल्यांनी पण लावावी की अशी चांदणी!)

मूळ धातूचा अर्थ राहणं, मुक्काम करणं. तिकडे तो झिजून नुसतं 'असणं' झाला : गॉथिकमध्ये (ही त्याच घराण्यातली जुनी, आता लोपलेली भाषा) विसन, स्वीडिशमध्ये वारा, जर्मनमध्ये वार आणि गेवेझन. संस्कृतात त्याच धातूचं वसति, त्यातून आपलं वसणं, वस्ती, रहिवासी, म्हणजे जुना अर्थ आपल्याकडे टिकला.

पण खरी गंमत वॉज (was) आणि त्याचं अनेकवचन वेअर (were) ह्यांच्यात आहे, एकात स आणि दुसऱ्यात र कसा काय? डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरनं १८७५ मध्ये असल्या, नियमात न बसणाऱ्या अक्षरबदलांवर लेख लिहिला आणि किल्ली काढली ती वैदिक संस्कृतातून. ह्याच वस् धातूचं भूतकाळी रूप एकवचनात 'उवास', तिथे उदात्त स्वर (म्हणजे उच्चारातला जोर) धातूवर, अनेकवचनात 'ऊषुः', तिथे तो शेवटावर. जर्मॅनिकमध्येही आधी तसंच होतं, जिथे जोर शेवटाकडे गेला तिथे स चा झ झाला न् त्या झ चा पुढे र. नंतर जोर सगळीकडे पहिल्या अक्षरावर आला, कारण पुसलं गेलं, र मात्र राहिला. जर्मनवाल्यांनी पुढे दोन्हीकडे र करून टाकला, वार आणि वारेन, इंग्लिशनं फरक जपला. (व्हर्नरच्या आधीचा दुसरा डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क तर १८२० मध्ये आपल्या मुंबईत होता, पारशांकडच्या अवेस्ताच्या पोथ्यांसाठी.)

फक्त मुलीला सांगा, वस्त्राला ह्यात ओढू नकोस. तो 'वस्' वेगळा, अंगावर घालणं ह्या अर्थाचा, आणि इंग्लिशमध्ये कपडे घालण्याचं जे 'वेअर' (wear) ते त्याच्या कुळातलं.