काळ्या जमिनीतली परसबाग

प्रश्न : घरामागे दीड गुंठा काळी जमीन आहे. लॉन दर एप्रिलला जळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बोअरचे पाणी जेमतेम. काय लावावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : लॉनचा नाद सोडा. आपल्याकडच्या उन्हात ती पाण्याशिवाय तगत नाही. इथल्या बांधावर, माळावर जे एकमेकांच्या सोबतीने वाढते तेच परसात आणा. वर पळस किंवा बहावा, मध्ये तरवड आणि निरगुडी, खाली मारवेल गवत. दीड गुंठ्यात झाडे दोनच, पंधरा फुटांवर. सातपुड्यातला अंजन मोह पाडतो, पण त्याला मुरमाड, निचऱ्याची जमीन लागते, इथे नको.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. घोळ होतो तो इथेच. लोक त्यात लाल माती, वाळू भरतात. भोवतीच्या चिकण मातीतून पाणी झिरपत नाही, खड्ड्याची टाकी होते आणि श्रावणात मुळे कुजतात. निघालेलीच माती दोन पाट्या कुजलेले शेणखत मिसळून परत भरा आणि रोप अर्धा फूट उंचवट्यावर बसवा. लागवड चांगल्या पावसानंतर, वापसा आल्यावरच, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाल्यावरच करा; चिखलात तुडवलेली माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही.

मारवेलचे ठोंब दीड-दीड फुटावर लावा, पण रोपाभोवती दोन फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर गवत लहान रोपाचे पाणी पळवते. त्या जागेत केळीच्या वाळलेल्या पानांचे चार बोटे आच्छादन घाला. खोडाला चिकटवू नका, वाळवी चढते.

पहिले दोन उन्हाळे प्रत्येक झाडाला आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी द्या, मग हळूहळू बंद करा. रोज तांब्याभर ओतले तर मुळे वरच रेंगाळतात. उन्हाळ्यात मारवेल पिवळे पडेल. घाबरू नका, पावसाला पुन्हा फुटते. बी झडल्यावर चार बोटे ठेवून कापा. जमिनीलगत खरडले की ठोंब दुबळे होतात आणि मोकळ्या जागेत गाजरगवत शिरते. ते फुलायच्या आधीच मुळासकट उपटा.

प्रश्न : बहाव्याचे बी पेरले, महिना झाला तरी उगवले नाही.
– एक वाचक, शहादा

उत्तर : बी खराब नसावे, त्याचे कवच फार टणक असते. बीची चपटी बाजू पॉलिश पेपरवर आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत घासा. टोकाला हात लावू नका, अंकूर तिथून निघतो. मग दिवसभर साध्या पाण्यात भिजवा. फुगलेले बी अर्धा इंच खोल पेरा, न फुगलेले पुन्हा घासा.