रोज कमरेला बाळगायला छोटं पिस्तूल कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की लायसन हाती आलं, कापसाच्या मोसमात रोख घेऊन गावोगाव फिरावं लागते, तर शर्टाखाली झाकेल असं छोटं पिस्तूल सुचवा. भाऊ, मी वरुडकडचा, संत्र्याच्या बागा घेतो. अकरा वर्षं झाली हत्यार कमरेला आहे, गोळी झाडायची पाळी एकदाही आली नाही.

९ एमएमचा विचार सोडा, तो निषिद्ध बोअर आहे, म्हणजे नळीचं ते माप आपल्यासारख्याला लायसनवर मिळत नाही. आपल्या ऐपतीत राहते ते .३२ बोअर. त्यात सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल आहे आणि रिव्हॉल्व्हर आहेत. दोन्ही ‘बत्तीस’च म्हणवतात, पण काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. अशनी चपटं, झाकायला सोपं. तरी मी रिव्हॉल्व्हरच घेतलं. आपल्याला काडतुसं मोजून मिळतात, सराव होतो किती? पिस्तुलात काडतूस फुसकं निघालं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढा, ते बाहेर काढा. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा दाबला की पुढचं काडतूस समोर येते.

कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्धा किलोच्या आसपास, सहा गोळ्यांचं. बायकांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, म्हणून आमच्याकडचे हसले. मे महिन्यात ४५ अंशांत जड लोखंड बांधून फिरले असते तर हसले नसते. मात्र हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त बसतो. घेण्याआधी हातात धरून पाहा, करंगळी मुठीवर बसते की हवेत राहते ते बघा.

हत्यारापेक्षा जास्त डोकं होल्स्टरला, म्हणजे कमरेला बांधायच्या म्यानाला लावा. माझं पहिलं चामड्याचं होतं, स्वस्तातलं. घामानं चामडं ओलं, त्यानं नळीवर गंज. आता रोज रात्री तेलाचं फडकं फिरवतो. आणि शर्ट लांब शिवून घ्या. एकदा पानठेल्यावर चुना घ्यायला वाकलो, शर्ट वर सरकला, आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण गावात झालं, ‘भाऊ घोडा ठेवते’. मग लपवायचं काय राहिलं? २०१६ च्या शस्त्र नियमांतही तेच आहे: सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात पाहिजे. गाडीच्या डिक्कीत ठेवून चहाला गेलात तर ताबा कसला?

जत्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार, इथं नेता येत नाही. लायसनवरच्या अटी नीट वाचा. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायचा आदेश येतो, पावती सांभाळा. रोख मी आता फार ठेवतच नाही, शेतकऱ्यांच्या खात्यात टाकतो. त्यानं जेवढी काळजी कमी झाली तेवढी या यंत्रानं नाही केली.

वावरातल्या रानडुकरासाठीही चालेल का, असं शेवटी विचारलंय. नाही चालत. .३२ ची गोळी खाऊन ते मरत नाही, पिसाळून अंगावर येते, आणि वरून वनखात्याची केस. डुकरासाठी टॉर्च अन् फटाकेच बरे.