आधी वर्गीकरण, मग वेग

ट्रॅकवर यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं! सगळ्यात आधी पॅरा-ॲथलेटिक्सचं (अपंग खेळाडूंच्या मैदानी स्पर्धांचं) वर्गीकरण करून घे, म्हणजे अपंगत्वाचा हालचालींवर किती परिणाम होतो ते तपासून तुझा वर्ग ठरवतील. आपल्यासारखी सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा कमी असणं) असून पायांवर धावणाऱ्यांचे वर्ग टी३५ ते टी३८; ‘टी’ म्हणजे ट्रॅक. वर्ग कळल्याशिवाय कुणाबरोबर, किती अंतर धावायचं हेच ठरत नाही. वैद्यकीय कागद नीट लावून ठेव.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दुसऱ्याची धावण्याची ढब उचलतात. आपल्या पायाची ठेवण वेगळी. प्रशिक्षकासोबत हळूहळू सुधारेल.
- वॉर्म-अप उरकतात. आपले स्नायू गारठ्यात आणि थकल्यावर जास्त आखडतात, म्हणून इतरांपेक्षा जास्त वेळ दे. पाय अडखळू लागला की त्या दिवशी थांब, हट्ट नको.

स्टार्टिंग ब्लॉक (सुरुवातीला पाय रेटायचे ठोकळे), स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) नंतर बघू. भारताची धावपटू प्रीती पाल हिच्या शर्यती मात्र आत्ताच बघ: २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये टी३५ गटात १०० आणि २०० मीटर, दोन्हींत कांस्य!