गवताळ धावपट्टी विमानाला खरोखरच रोखते का?

प्रश्न : नेपाळमधील लुक्ला येथे आम्ही छोट्या विमानाने उतरलो, तेव्हा सहप्रवाशांमध्ये चर्चा निघाली की डोंगराळ भागांत याहूनही बिकट, निव्वळ गवताच्या आणि मातीच्या धावपट्ट्या असतात व तेथे अपघात वारंवार होतात. छोट्या विमानांचा वेग बेताचाच असतो आणि गवत किंवा माती त्यांना आपोआप रोखत असणार. मग अशी जागा उलट अधिक सुरक्षित का नसावी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : लुक्लाला दुर्लक्षित धावपट्टी म्हणता येणार नाही, कारण २००१ पासून ती पक्की आहे. तेथील अडचण भूगोलाची आहे. धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब, चढ सुमारे १२ टक्के आणि समोर डोंगर, त्यामुळे अखेरच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर झेपावण्याची सोय नाही. ८ ऑक्टोबर २००८ रोजी तेथे धुक्यात उतरणारे ट्विन ऑटर विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले आणि १८ जण मृत्युमुखी पडले. एकटे मुख्य वैमानिक वाचले.

आता गवताविषयी. गवत चाकांना अडथळा करते हे आपले निरीक्षण बरोबर आहे, परंतु उतरलेले विमान मुख्यतः ब्रेकमुळे थांबते आणि ब्रेकला हवी असते ती टायरची जमिनीवरील पकड. ती ओल्या गवतावर फार कमी होते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने खासगी वैमानिकांना दिलेल्या मार्गदर्शनानुसार ओल्या गवतावर उतरण्याचे अंतर सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलेले धरावे. गवत अगदी आखूड आणि ओले असेल, तर ही वाढ ६० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकते. त्यात उतरण्याच्या वेगाच्या एक दशांश इतका वारा पाठीमागून असेल, तर आणखी २० टक्के. हे घटक बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढतात, म्हणजेच कोरड्या, टणक जमिनीवर ज्याला ४०० मीटर पुरतात त्या विमानाला साध्या ओल्या गवतावर आणि अशा वाऱ्यात जवळजवळ ६५० मीटर लागतात. पट्टी ५०० मीटरचीच असेल, तर पुढचे सांगायला नको.

गंमत अशी की तीच जमीन ब्रेकला निसरडी आणि चाकाला चिकट असू शकते. मऊ चिखलात किंवा गवताआड दडलेल्या खड्ड्यात पुढचे चाक रुतले की त्याचा दांडा मोडतो, नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीवर आपटतो. शेपटीखाली चाक असलेली विमाने तर नाकावर उभी राहून उलटतातही. म्हणूनच अनोळखी पट्टीवर अनुभवी वैमानिक आधी कमी उंचीवरून एक फेरी मारून गुरे, पाणी साचलेल्या जागा आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, पाहून घेतो, अर्थात इतके करूनही गवताखालचा खड्डा वरून दिसत नाही. अशा अपघातांत सगळा दोष वैमानिकाच्या माथी मारण्याची आपल्याकडील घाई मला म्हणूनच पटत नाही. पावसानंतर पट्टी चालून पाहणारा आणि तिची खबर कळवणारा माणूस जागेवर नसेल, तर वैमानिकाचे गणित अंदाजावरच चालते.

प्रश्न : नवी मुंबई विमानतळासारख्या मोठ्या धावपट्टीवर छोट्या विमानाला उतरताना काहीच धोका नसेल ना?
– एक वाचक, खारघर

उत्तर : धावपट्टी संपून पुढे जाण्याचा धोका जवळजवळ नाहीच, कारण तेथे ३,७०० मीटर उपलब्ध आहेत. आडवा वारा मात्र तेथेही असतो आणि एक नवा धोका वाढतो : मोठ्या जेट विमानाच्या पंखांच्या टोकांपासून निघणारे हवेचे भोवरे मागून येणाऱ्या हलक्या विमानाला एका कुशीवर उलटवू शकतात. त्यासाठी दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर ठेवले जाते आणि छोट्या विमानाचा वैमानिक मोठ्या विमानाच्या मार्गापेक्षा वरून येऊन, त्याची चाके जेथे टेकली त्याच्या पुढे आपली चाके टेकवतो.