रेड वाइन कोमट का लागते?

प्रश्न : घोडबंदर रोडला घराजवळच नवा इटालियन वाइन बार सुरू झालाय. तिथे ग्लासने घेतलेली रेड वाइन कोमट आणि आंबूस लागली. पुन्हा जाताना काय बघावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रेड थंड करायची नाही, हा नियम थंड हवेच्या देशांतला. कियांतीसारखी इटालियन रेड 16 ते 18 अंशांना खुलते. ठाण्यात शेल्फवरची बाटली सहज 28-30 अंशांवर जाते आणि मग फळांचा वास दबून नुसता अल्कोहोल नाकात शिरतो. बाटली बर्फ-पाण्यात 10-15 मिनिटं ठेवायला बिनधास्त सांगा. ग्लासात बर्फ मात्र अजिबात नको, चव पातळ होते.

आंबूसपणाचं कारण वेगळं. उघडलेली बाटली हवा लागून दोन-चार दिवसांत उतरते. म्हणून ‘बाटली कधी उघडली?’ हे आधी विचारा, घोटभर चाखायला मागा. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर परत करा. त्यात संकोच कसला!

750 मिलिच्या बाटलीत 150 मिलिचे पाचच ग्लास बसतात, तेव्हा दर ताडून बघा. सोबत टोमॅटो सॉसचा पास्ता घ्या, कियांतीच्या आंबटपणाशी तो छान जुळतो. चिली फ्लेक्स हात राखून. तिखटावर वाइन जास्तच तुरट आणि जळजळीत लागते.