टाकीच्या तळाला पडलेले छिद्र

प्रश्न : घरालगतच्या शेडमध्ये फर्निचरच्या रंगकामासाठी मी ५० लिटर टाकीचा एअर कॉम्प्रेसर वापरतो. तो जुना विकत घेतलेला असून टाकीतील हवेचा दाब ८ बार झाला की आपोआप बंद होतो. यंदाच्या पावसाळ्यात टाकीच्या तळाला बारीक छिद्र पडून तेथून हवा व तांबूस पाणी येऊ लागले आहे. वागळे इस्टेटमधील एक वेल्डर टाका मारून देण्यास तयार आहे. तसे करावे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करू नये. कॉम्प्रेसरचा विजेचा प्लग काढून टाकीतील हवा पूर्णपणे सोडून द्यावी आणि टाकी बदलेपर्यंत तो पुन्हा चालवू नये.

ठाण्याच्या पावसाळी हवेत, तापमान ३० अंशांच्या आसपास असताना, दर घनमीटरमागे २० ग्रॅमहून अधिक बाष्प असते. ही हवा ८ बारपर्यंत दाबली जाऊन टाकीत थंड झाली, की त्यातील बहुतांश बाष्पाचे पाणी होऊन ते तळाशी साचते आणि पत्रा आतून गंजवते. आपल्याला दिसणारे छिद्र एकच असले, तरी त्याच्या सभोवतालचा पत्राही झिजलेला असण्याचीच शक्यता अधिक. अशा पत्र्यावर मारलेला टाका धरतो तो दुबळ्या धातूलाच, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने कडेला नवे तडे जाऊ शकतात. गळती थांबते, धोका मात्र झाकला जातो. दुरुस्तीनंतर हवा भरून ‘टेस्ट’ करण्याची पद्धत तर त्याहून घातक आहे. दाबचाचणी पाण्याने करतात, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही व टाकी फुटली तरी दाब तत्काळ उतरतो. दाबलेली हवा मात्र प्रसरण पावत पत्र्याच्या चिंधड्या उडवते.

मोटर व पंप सुस्थितीत असल्यास ते त्याच क्षमतेच्या, दाबमर्यादेची पट्टी असलेल्या नव्या टाकीवर बसवून घेता येतात. त्यानंतर दररोज काम संपल्यावर दाब बराचसा उतरवून तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडावा. तो टाकीच्या पोटाखाली असल्यामुळे वाकण्याचा कंटाळा केला जातो, हे खरे. पण त्याच पाण्याचे थेंब स्प्रे गनमधून येऊन पॉलिशही बिघडवतात. सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब आपोआप सोडणारी झडप) कॉम्प्रेसर बंद होण्याच्या दाबापेक्षा किंचित वर, परंतु टाकीच्या मर्यादेच्या आत उघडणारा असावा. त्याची कडी अधूनमधून ओढून पाहावी. तो गळू लागल्यास बदलावा, बूच मारू नये.

जुनी टाकी भंगारात देण्यापूर्वी रिकामी असल्याची खात्री करून तिला मोठे भोक पाडून घ्यावे, अन्यथा रंग लावून ती पुन्हा कोणाच्या तरी शेडमध्ये पोहोचू शकते.