इंग्लंडमधील ख्रिस्ती प्राथमिक शाळेत गणित शिकवायला यायचे असेल तर

नमस्कार ताई,

देवगड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तुम्ही शिकवता, गणित घेऊन बी.एस्सी. आणि नंतर बी.एड. केले आहे, त्याआधी काही काळ हायस्कूलमध्ये गणित शिकवले आहे, आणि आता इंग्लंडमधील एखाद्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून जाण्याचा विचार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तिथले गणित कसे असते, हिंदू असल्यामुळे अडचण येते का आणि तयारीला कुठून लागावे, हे तुमचे तीन प्रश्न. मी मूळची मालवणची. इंग्लंडमधील स्विंडन शहरातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत आधी मदतनीस म्हणून आणि आता वर्गशिक्षिका म्हणून काम करते. म्हणून जे रोज पाहते त्यावरून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक गृहीत दुरुस्त करायला हवे. इथल्या सरकारी अनुदानावरील प्राथमिक शाळेत फक्त गणित शिकवणारा शिक्षक सहसा नसतो. चार-पाच वर्षांच्या मुलांचा रिसेप्शन वर्ग आणि त्यापुढे इयर वन ते इयर सिक्स अशी ही शाळा असते. प्रत्येक वर्गाला एक शिक्षक आणि तोच इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, चित्रकला आणि धर्मशिक्षण असे जवळजवळ सगळे शिकवतो. ‘मॅथ्स लीड’ नावाची जबाबदारी असते, पण ती घेणाऱ्यालाही स्वतःचा वर्ग असतो. त्याशिवाय तो सहकाऱ्यांच्या गणिताकडे लक्ष देतो, साहित्य मागवतो, नव्या शिक्षकाला धडा करून दाखवतो. गणिताच्या ओढीने येणाऱ्या माणसाने सहा वर्षांच्या मुलाला ध्वनींच्या आधारे इंग्रजी वाचायला शिकवण्याची आणि दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट ओळीन् ओळ तपासण्याची तयारी ठेवावी लागते. तुमची ती तयारी नसेल, तर माध्यमिक शाळेत गणित शिकवणे हाच तुमच्यासाठी योग्य मार्ग आहे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता धर्माचा प्रश्न. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटले की फी, इंग्रजी माध्यम आणि प्रवेशासाठी धडपड डोळ्यांपुढे येते. इथे चर्चची प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक वेळा सरकारी पैशावर चालणारी, विनाशुल्क, वस्तीतली साधी शाळा. सरकारी अनुदानावरील शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा कुठल्या ना कुठल्या धर्मपरंपरेच्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य चर्च ऑफ इंग्लंडच्या, त्यानंतर कॅथलिकांच्या. याचे कारण इतिहासात आहे. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणारी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, नॅशनल सोसायटी १८११ मध्ये आणि कॅथलिकांची पुअर स्कूल कमिटी १८४७ मध्ये स्थापन झाली, तर सरकारने प्राथमिक शिक्षणात पूर्णपणे लक्ष घातले ते १८७० च्या कायद्यानंतर. आपल्या बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम सुरू केले तेही याच काळात, १८२३ च्या सुमारास. पुढे १९४४ च्या कायद्याने चर्चच्या शाळा राष्ट्रीय व्यवस्थेत सामावून घेतल्या आणि त्यांचे व्हॉलंटरी एडेड व व्हॉलंटरी कंट्रोल्ड असे दोन प्रकार झाले. नोकरी शोधताना हा फरक तुमच्या कामाचा आहे. एडेड शाळा शिक्षक निवडताना आपल्या पंथाच्या उमेदवाराला प्राधान्य देऊ शकते. कंट्रोल्ड शाळेत तसे प्राधान्य फार तर एक पंचमांश शिक्षकांपुरते असते. कॅथलिक शाळा एडेड किंवा अकॅडमी (म्हणजे सरकारी पैशावर पण ट्रस्टने चालवलेल्या शाळा) असतात आणि त्यांचा मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक व धर्मशिक्षणाचा प्रमुख आचरणाने कॅथलिक असावा लागतो. इतर पदांवर अन्य धर्मांचे आणि कुठलाच धर्म न मानणारे शिक्षक पुष्कळ आहेत. अर्जात धर्माविषयी विचारले जाते. तिथे आहे ते सरळ लिहावे.

मात्र नेमणूक होणे आणि तिथे मनापासून नांदणे यांत अंतर आहे, आणि निर्णय घेण्यापूर्वी तुम्ही त्यावर विचार करावा असे मला वाटते. आमच्या शाळेत सकाळी, जेवणापूर्वी आणि शाळा सुटताना प्रार्थना होते आणि ती वर्गशिक्षकच घेतो. सणावारी सर्व मुलांना घेऊन मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेला, जावे लागते. कॅथलिक शाळांत अध्यापनाच्या वेळेपैकी निदान दहा टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यावा, असा बिशपांचा दंडक आहे. मी प्रार्थनेला आदराने उभी राहते, मिस्सात कम्युनियन (प्रसादाची पवित्र भाकर) घेत नाही, आणि धर्मशिक्षणाच्या तासाला ‘कॅथलिक लोक असे मानतात’ अशा शब्दांत शिकवते. कुणी त्याला कधी हरकत घेतली नाही. मुले माझ्या घरच्या गणपतीविषयी विचारतात आणि मी सांगते. परंतु मुलांसमोर प्रार्थना म्हणणे ज्यांना आतून खटकते, त्यांनी पगारासाठी ते ओढूनताणून करू नये. त्यात ना मुलांचे भले, ना आपले. अशांसाठी धर्माशी संबंध नसलेल्या कम्युनिटी शाळा भरपूर आहेत आणि गणित तिथेही तेच आहे.

गणिताला धर्म नाही, हे इथे अगदी शब्दशः खरे आहे. सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेला राष्ट्रीय अभ्यासक्रम चर्चच्या शाळांतही शिकवला जातो आणि परीक्षाही त्याच. चर्चचा परिणाम होतो तो वेळापत्रकावर. डिसेंबरमध्ये आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्व आठवड्यांच्या, प्रार्थना, येशूजन्माच्या नाटकाच्या तालमी आणि गायन यांमुळे तास विस्कळीत होतात. म्हणून स्तंभ मांडून केलेल्या वजाबाकीसारखा सलग दिवस मागणारा घटक नोव्हेंबरअखेर संपवावा, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

शिकवण्याची रीत आपल्यापेक्षा संथ आहे, आणि तो संथपणा मला आता पूर्णपणे पटला आहे. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, असा क्रम असतो. त्यामागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा विचार आणि सिंगापूरच्या शाळांचा अनुभव आहे. इयर थ्रीमध्ये, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना, ४०३ मधून १६८ वजा करायला शिकवायचे असेल तर आपण ‘तीनातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडून हातचा घ्या’ असे म्हणून पुढे जातो. इथे प्रत्येक जोडीसमोर दशमान ठोकळे ठेवतात: शतकाच्या चार पाट्या, दशकाचा एकही दांडा नाही आणि तीन सुटे. सुट्यांतून आठ काढायचे तर दशक मोडावा लागेल, दशक तर नाही, म्हणून एक शतक मोडून दहा दशक आणायचे आणि त्यांतला एक मोडून दहा सुटे घ्यायचे, हे मुले हाताने करतात. तीन शतक, नऊ दशक आणि तेरा सुटे म्हणजे तेच ४०३ आहेत, हे त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्यात आल्यावरच वहीत स्तंभ मांडला जातो आणि २३५ हे उत्तर येते. यात दोन-दोन दिवस जातात. पण त्या नऊचा उगम ज्या मुलाने पाहिला, त्याला ५००० मधून वजाबाकी करताना पुन्हा वेगळे काही शिकवावे लागत नाही.

शाब्दिक उदाहरणांसाठी पट्टीची आकृती काढतात. समजा, हापूसच्या पाच डझनांच्या पेटीतील दोन पंचमांश आंबे विकले, तर उरले किती? मुले एक लांब पट्टी काढून तिचे पाच समान भाग करतात, साठाचा एकेक भाग बाराचा, दोन भाग गेले, तीन उरले, म्हणजे ३६. आपण अशी उदाहरणे कागदावर पटापट सोडवतो, पण आकृती काढून दुसऱ्याला समजावण्याची सवय आपल्याला नसते. ही सवय येण्यापूर्वीच लावून घ्या. तुमच्या देवगडच्या वर्गातही ती उपयोगी पडेल.

पाढ्यांविषयी आपल्या लोकांना वाटते की इथली मुले पाढ्यांत कच्ची असतात आणि आपण जाऊन त्यांना पाठ करवू. वस्तुस्थिती तशी नाही. इयर टूमध्ये दोन, पाच आणि दहाचा, इयर थ्रीमध्ये तीन, चार आणि आठचा, आणि इयर फोरच्या अखेरीस बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत सर्व पाढे यावेत, असे अभ्यासक्रमात आहे. इयर फोरमध्ये जूनच्या सुमारास संगणकावर पाढ्यांची चाचणी होते: २५ प्रश्न आणि प्रत्येकाला फक्त सहा सेकंद. ती २०२२ पासून सक्तीची आहे. प्रश्न उलटसुलट येतात, त्यामुळे ‘बे एके बे’पासून सुरुवात करून इच्छित ओळीपर्यंत पोहोचणारे मूल सहा सेकंदांत अडकते. मी दोन्ही गोष्टी करते. तालावर पाढे म्हणवून घेते, कारण तालात बसलेले विसरत नाही आणि मुलांना त्यात आनंद मिळतो. आणि त्याच तासाला सात आठे म्हणजे पाच आठे चाळीस अधिक दोन आठे सोळा, असे जोडायलाही शिकवते. आपल्याकडचे तीसपर्यंतचे पाढे इथे कुणी मागत नाही, पण तुमच्या जिभेवरचा तो ताल मोलाचा आहे. तो सोबत आणा.

काही सवयी बदलाव्या लागतील. आपला लाखाचा स्वल्पविराम फळ्यावर चालणार नाही. इयर फाइव्हमध्ये मुले दहा लाखांपर्यंतच्या संख्या वाचतात आणि दर तीन अंकांनी गट पाडतात. वर्गात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. चुकीचे उत्तर पुसण्यापूर्वी ते कसे आले हे मुलाला विचारतात, आणि असे विचारताना आवाजात दटावणी चालत नाही. वर्गात विशेष गरजा असलेली मुले, नुकतीच परदेशातून आलेली मुले आणि वयाच्या मानाने पुष्कळ पुढे असलेली मुले एकत्र बसतात आणि सगळ्यांनी एकाच विषयावर आपापल्या खोलीने काम करावे, अशी अपेक्षा असते. स्विंडनमध्ये गोव्याकडची कुटुंबे बरीच असल्यामुळे माझ्या वर्गात कोकणी बोलणारी मुले असतात; नव्याने आलेल्या मुलाशी पहिल्या आठवड्यांत चार शब्द मालवणीतून बोलले की ते लवकर स्थिरावते. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळण्याचा तुमचा अनुभव इथे थेट कामाला येतो. मुलाखतीत तो ठामपणे मांडा, कारण इथल्या अनेक शिक्षकांनी तसे काम केलेले नसते.

इयर सिक्सचा वर्ग मिळाला तर मे महिन्यातील राष्ट्रीय चाचण्यांची जबाबदारी येते. गणिताच्या तीन प्रश्नपत्रिका असतात: तीस मिनिटांची ४० गुणांची आकडेमोड आणि चाळीस मिनिटांच्या, ३५ गुणांच्या, विचार करायला लावणाऱ्या दोन. कॅल्क्युलेटर चालत नाही. पहिल्याच वर्षी हा वर्ग मागू नका.

आता कागदपत्रे. भारतात शिक्षण झालेल्यांना २०२३ पासून इंग्लंडमधील पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी, म्हणजे क्यूटीएससाठी, थेट अर्ज करता येतो. मात्र अकरा ते सोळा वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता लागते. म्हणजे केवळ डी.एड.वर हा मार्ग खुला होत नाही. तुमचे गणित विषयाचे बी.एड. इथे निर्णायक ठरेल. अर्जाला शुल्क नाही, त्यामुळे त्यासाठी कुठल्याही दलालाला पैसे देऊ नका. एकदा हा दर्जा मिळाला की तो माध्यमिकपुरता मर्यादित नसतो. प्राथमिक शाळेलाही तुम्हाला नेमता येते. खरी अडचण व्हिसाची आहे. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी शाळेकडे प्रायोजकत्वाचा परवाना असावा लागतो आणि अनेक लहान प्राथमिक शाळांकडे तो नसतो. अनेक शाळा मिळून चालवणाऱ्या अकॅडमी ट्रस्टकडे तो असण्याची शक्यता अधिक, म्हणून शोध तिथून सुरू करा. शिवाय जन्मदर घटल्यामुळे प्राथमिक वर्ग कमी होत आहेत, तर माध्यमिक गणिताला शिक्षक मिळत नाहीत. त्यामुळे आधी माध्यमिकमध्ये येऊन नंतर प्राथमिककडे वळणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. लंडनबाहेर सुरुवातीचा वार्षिक पगार सप्टेंबर २०२५ पासून ३२,९१६ पौंड आहे. कर, निवृत्तिवेतनाचा हप्ता आणि घरभाडे वजा जाता त्यातून पहिल्या वर्षी फारसे शिल्लक राहत नाही. व्हिसासोबत आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. मुले आणि पती सोबत येणार असतील तर त्यांचाही अधिभार धरून हिशोब मांडा. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ताजी माहिती पाहाच.

मुलाखतीत बहुधा अर्ध्या तासाचा धडा घ्यायला लावतात. परदेशातील उमेदवारासाठी तो कधी ऑनलाइन, कधी ध्वनिचित्रमुद्रणाच्या रूपात असतो. अपूर्णांक किंवा स्थानिक किंमत यांपैकी एका घटकावर ठोकळे व चित्रे वापरून धडा आताच बसवा आणि तो इंग्रजीतून तुमच्याच वर्गात घेऊन पाहा. धर्माविषयी एक प्रश्न नक्की असतो: या शाळेच्या श्रद्धाजीवनाला तुम्ही कसा आधार द्याल? त्याला पाठ केलेले उत्तर देऊ नका. प्रार्थनेच्या वेळी, मिस्साला आणि धर्मशिक्षणाच्या तासाला तुम्ही नेमके काय कराल आणि काय करणार नाही, हे सभ्यपणे सांगा. सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचे तर इथले शिक्षक ३१ मेपर्यंत राजीनामे देतात, त्यामुळे बहुतेक जाहिराती फेब्रुवारी ते मे या काळात येतात. तोपर्यंत क्यूटीएस हातात हवे असेल, तर विद्यापीठाची गुणपत्रके, सेवेचा दाखला, शिस्तभंगाची कारवाई नसल्याचे शिक्षण विभागाचे पत्र आणि इंग्रजीचा पुरावा ही कागदपत्रे दिवाळीच्या सुट्टीतच गोळा करायला घ्या. ओरोसच्या जिल्हा कार्यालयातून पत्र मिळायला लागणारा वेळ त्यात धरा.